सेकंदाला पाच किलोमीटर

आधी गृहीतके. गुरूएवढ्या वस्तुमानाचा, कोणत्याही ताऱ्याला न बांधलेला एक भटका ग्रह सेकंदाला सुमारे ५० किलोमीटर वेगाने येतो आणि पृथ्वीपासून १० लाख किलोमीटरवरून निघून जातो. गॅनिमीड हा उपग्रह गुरूभोवती जवळपास एवढ्याच अंतरावरून फिरतो. सिनेमात असा ग्रह एका रात्रीत उगवतो, ते सोडून द्या. गुरूसारखाच उजळ असेल, तर नेपच्यूनच्या अंतरावरूनही तो अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना अंधुक दिसेल, म्हणजे काही वर्षे आधी. शिवाय केव्हिन लुमन यांनी २०१४ मध्ये वाइज दुर्बिणीची अवरक्त निरीक्षणे चाळून दाखवले, की सूर्य-पृथ्वी अंतराच्या २६,००० पटींपर्यंत गुरूएवढे काहीही लपलेले नाही. तेव्हा बोचकी बांधायची घाई नको.

७२ तास आधी

अंतर १ कोटी ३० लाख किलोमीटर. बिंब चंद्राहून किंचित मोठे. आणखी नऊ तासांनी त्याची भरती-ओहोटी घडवणारी ओढ चंद्राच्या तशाच ओढीएवढी होते. मुंबईत महापालिका पावसाळ्यातल्या साडेचार मीटरवरच्या भरतीच्या वेळा आधी जाहीर करते. ते वेळापत्रक इथून पुढे रद्दी. अंतर निम्मे झाले, की ही ओढ आठपट होते. उरलेल्या तासांचे सगळे गणित याच नियमावर चालते.

२४ तास आधी

४४ लाख किलोमीटर. ओढ चंद्राच्या १७ पट. किनाऱ्यावर या वेळी कोणी असता कामा नये. घट्ट जमीनही चंद्रामुळे रोज तीसेक सेंटिमीटर वरखाली होत असते, आपल्या गावीही नसते. सतरापट म्हणजे पाच मीटर.

१२ तास आधी

ओढ शंभरपटींच्या वर. गुरूच्या आयओ या उपग्रहाचे पोट अशाच ओढाताणीने वितळलेले असणार, असे भाकीत स्टँटन पील आणि दोन सहकाऱ्यांनी मार्च १९७९ मध्ये छापले आणि काही दिवसांतच व्हॉयेजर-१ ला तिथे जिवंत ज्वालामुखी सापडले. पृथ्वीला वितळायला सवड मिळणार नाही. पण वर्षानुवर्षे ताण धरून बसलेले प्रस्तरभंग सरकायला एवढे तास पुष्कळ झाले.

शून्य

बिंब चंद्राच्या सोळापट रुंद, ओढ सुमारे १,४५० पट. कागदावर समुद्राचा फुगवटा शेकडो मीटरांचा निघतो. प्रत्यक्षात खोल समुद्रातली लाट ताशी ७०० किलोमीटर जाते आणि विषुववृत्तावरची जमीन ताशी १,६७० किलोमीटर फिरते. पाणी मागे पडते, आदळते, उलटते. कुठे किती चढेल हे सांगणे अवघड. पृथ्वी फुटत मात्र नाही. त्यासाठी साधारण एक लाख किलोमीटरच्या आत यावे लागले असते.

६ तास नंतर

वाचलेली माणसे डोंगरावर असतील आणि पाण्याकडे बघत असतील. माझ्या मते बघण्यासारखे ते नव्हे. या भेटीत पृथ्वीच्या वेगात सेकंदाला ५ किलोमीटरचा फरक पडतो आणि त्यातला जवळजवळ पाऊण हिस्सा आधीच्या सहा आणि नंतरच्या सहा तासांत पडून गेलेला असतो. कपातला चहाही हिंदकळत नाही, कारण जमीन, हवा, माणूस सगळे एकदमच ओढले जातात. जाणवतो तो फक्त जवळच्या आणि लांबच्या बाजूंच्या ओढीतला फरक. लाटा आणि भूकंप त्यातूनच आले. सूर्याभोवतीचा आपला वेग सेकंदाला ३० किलोमीटर. त्यात ५ ची वधघट झाली, की कक्षा बदलते.

चंद्राला पृथ्वीपासून सुटायला सेकंदाला १.४ किलोमीटर वेग लागतो. त्याच्या-आपल्या वेगात या भेटीने सुमारे २ किलोमीटरांचा फरक पडू शकतो. बहुधा तो गेलाच. मग तिथी नाही, चतुर्थी नाही, अधिक महिनाही नाही.

पुढचे महिने

ग्रह पृथ्वीच्या मागून गेला असेल, तर वेग घटतो. पृथ्वी आत घसरते आणि चार महिन्यांत शुक्राच्या कक्षेच्याही आत पोचते, तिथे ऊन आजच्या साडेतीनपट. पुढून गेला असेल, तर ती वर्षभरात मंगळाच्या पलीकडे जाते, ऊन एक पंचमांश उरते आणि एक वर्ष जवळपास दोन वर्षांचे होते. निवड हातात असती, तर मी पुढची बाजू मागितली असती. समुद्र वरून गोठत जातो, तळाशी पाणी बराच काळ टिकते आणि तिथल्या उष्ण झऱ्यांपाशी जगणाऱ्या जिवांना उन्हाची गरज फारशी नसते.