वाग्दानाची अंगठी : धातू, बोट आणि शब्द

डाव्या हाताच्या अनामिकेतून एक शीर थेट हृदयास मिळते, अशी प्राचीन रोमन लोकांची समजूत होती व म्हणून विवाहाची अंगठी त्या बोटात घातली जाई, असे विधान वारंवार केले जाते. मूळ ग्रंथांकडे वळल्यास मात्र हे चित्र बरेच पालटते.

थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) आपल्या 'नैसर्गिक इतिहासा'त सांगतो की, वाग्दत्त वधूस अद्यापही लोखंडाची अंगठी भेट म्हणून पाठविली जाते व तीत खडा नसतो. या उल्लेखात बोटाचा वा शिरेचा निर्देश नाही. शिवाय ही अंगठी विवाहाची नसून वाग्दानाची आहे. 'अद्यापही' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. सोन्याच्या अंगठ्या रूढ झाल्या असतानाही या एका प्रसंगी जुना धातू टिकून होता. याउलट इ. स. १९७ च्या सुमारास टर्टुलियन लिहितो की, पूर्वीच्या स्त्रियांना वराने तारण म्हणून घातलेल्या एका बोटातील सोन्यापलीकडे सोने ठाऊक नव्हते. तथापि, त्याचा रोख समकालीन चैनीवर असल्यामुळे त्याने रंगविलेला भूतकाळ जपूनच स्वीकारला पाहिजे.

हृदयास जाणाऱ्या मार्गाची कथा दुसऱ्या शतकातील गेलियसने अपियनच्या आधारे दिली आहे. मृत शरीरे चिरली असता या बोटापासून हृदयापर्यंत जाणारा एक अतिसूक्ष्म तंतू इजिप्तमध्ये आढळला, असे तो नमूद करतो. परंतु त्याचे विवेचन सर्वसाधारण अंगठीविषयी आहे. विवाहाचा त्यात उल्लेख नाही. या दोन धाग्यांची गाठ सेव्हिलच्या इसिडोरच्या (मृत्यू इ. स. ६३६) लेखनात स्पष्टपणे पडलेली दिसते. वराने दिलेली अंगठी परस्परनिष्ठेची खूण असून ती चौथ्या बोटात घालण्याचे कारण हृदयाकडे जाणारी शीर होय, असे तो म्हणतो. या बोटाचे 'वैद्यकीय' हे नावही तोच नोंदवितो. वैद्य घोटलेले नेत्रांजन या बोटाने उचलीत, ही त्याने दिलेली उपपत्ती होय.

हाताच्या बाबतीतही एकवाक्यता नव्हती. इंग्लंडमध्ये १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने डावा हात नेमून दिला. जर्मनी व पोलंड येथे अंगठी आजही सामान्यतः उजव्या हातात घालतात. शीर हेच मूळ कारण असते, तर हा भेद सहजासहजी उद्भवला नसता.

शब्दांची साक्ष निराळ्या दिशेने जाते. वाग्दानप्रसंगी दिल्या जाणाऱ्या वस्तूस लॅटिनमध्ये 'आर्‍हा' म्हणत. सेमिटिक भाषांतून ग्रीकमार्गे आलेला हा व्यापारी शब्द असून त्याचा अर्थ 'विसार' असा होतो. विवाहवाचक इंग्रजी 'वेड्' या क्रियापदाच्या मुळाशी असलेल्या प्राचीन नामाचा अर्थही 'तारण' असाच आहे. संस्कृत 'वधू'शी त्याचे नाते केवळ ध्वनिसाम्यावरून जोडू नये. मराठी 'अंगठी' हा शब्द 'अंगुष्ठ' म्हणजे अंगठा याच्याशी संबद्ध आहे. साखरपुड्यातील अंगठी मात्र अंगठ्यात नव्हे, तर अनामिकेत, म्हणजे 'नाव नसलेल्या' बोटात घातली जाते.

सारांश, अंगठी प्रथम दिलेल्या शब्दाचे तारण होती. हृदयाशी तिचे नाते पुढे जोडले गेले. म्हणूनच खड्याविना लोखंडाचे साधे कडेही पुरेसे ठरत असे. गंजणाऱ्या त्या धातूपेक्षा अधिक जपावयाचा होता तो दिलेला शब्द.