वकट, लेंड, मूंड, नाल : विटीदांडूतील आखूड टोल्यांची नावे

विटीदांडूच्या खेळातील मोजणीच्या आणि टोल्यांच्या संज्ञा. गलीवर, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खळीवर, आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलून खेळ सुरू होतो. पुढे एका प्रकारात विटी पडलेल्या जागेपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणत जातात आणि माप ज्या शब्दावर संपेल, त्याच नावाचा टोला खेळाडूला मारावा लागतो. विटी कधी पायाच्या पंजावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून हलकेच उडवायची आणि खाली येण्याआधी तडकवायची. कोणत्या शब्दाला कोणती जागा, हे गावागणिक बदलते. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत रंगणारा हा खेळ महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यालाही परका नाही.

हे शब्द मुलांची निरर्थक बडबड आहेत, असे पुष्कळदा समजले जाते. ते पटत नाही. तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. चारही शब्द त्याच क्रमाने जुळावेत, हा योगायोग मानणे कठीण आहे. ‘लेंड’ला ‘रेंड’ हा पर्यायी उच्चार आहेच. ‘मूंड’मधला अनुस्वार आजच्या तेलुगूत नाही, पण जुन्या तेलुगूत तो शब्द ‘मूंडु’ असाच होता. म्हणजे मराठी मुलांच्या तोंडी जुने रूप टिकले. आणि मुख्य म्हणजे हे शब्द आजही दांडू मोजतात. आधी ते आकडे होते, टोल्यांची नावे नंतर झाली, असाच याचा अर्थ लागतो. शेजार कानडीचा असताना तेलुगू कशी, असे कुणी विचारील. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. त्यांतला फक्त चौथा जुळतो. तमिळमधले दुसरा आणि चौथा जुळतात, तिसराही जवळ येतो, पण ‘ओन्‍रु’पासून ‘वकट’ होत नाही. चारच्या पुढे मात्र याद्या फुटतात. कुठे ‘आर’ ऐकू येतो, तो तेलुगूतला सहा असावा, पण तेवढ्यावर सिद्धान्त उभारू नये.

सह्याद्रीच्या या बाजूला तेलुगू आकडे कसे आले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाडजवळची गांधारपाले लेणी दाखवून सातवाहनांशी नाते जोडण्याचा मोह होतो. पण तिथले लेख प्राकृतात आहेत, त्यांतून तेलुगूबद्दल काहीच सिद्ध होत नाही. खेळाचे शब्द पोहोचायला राजवट लागत नाही, एका गावची पोरे दुसऱ्या गावी खेळली तरी पुरते. शिवाय खेळाचा शब्द मूळ अर्थ सुटल्यावरही जगतो. गोल्फच्या हिरवळीवर एकाचा चेंडू दुसऱ्याच्या आणि खळीच्या मध्ये आला की त्याला ‘स्टायमी’ म्हणत. तो नियम 1952 पासून रद्द झाला, तरी अडवणूक या अर्थाने शब्द इंग्रजीत राहिला. तिथला ‘पट’, म्हणजे चेंडू खळीत घालणारा हलका टोला, हाही स्कॉट बोलीतल्या साध्या ‘ठेवणे, ढकलणे’ अशा क्रियापदातून आला. वकट-लेंडचा प्रवास यापेक्षा लांबचा आहे, कारण इथे भाषाच बदलली.

पाचव्या शब्दापासून पुढचा क्रम जुळवायला गावोगावच्या याद्या हव्यात. ज्यांनी हा खेळ खेळला आहे, त्यांनी आपल्या वाडीतले सगळे शब्द क्रमाने, आणि प्रत्येक शब्दाला विटी कुठे ठेवत तेही, लिहून ठेवावे.