५९ दिवस आणि एक शुक्रवार

१४ मार्च २०१७, मंगळवार. उरलेले दिवस ५९.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या सुरक्षेचे पॅच काढते. फेब्रुवारीचे पॅच कंपनीने ऐनवेळी रोखून धरले होते, त्यामुळे मार्चची यादी लांबलचक होती. तिच्यात ‘एमएस१७-०१०’ या क्रमांकाची एक नोंद होती आणि तिच्यावर शेरा होता ‘क्रिटिकल’. दोष ‘एसएमबी’च्या पहिल्या, जुनाट आवृत्तीत होता. कार्यालयातले संगणक एकमेकांच्या फाइली आणि प्रिंटर वापरतात ते याच वाटेने. समोरून आलेल्या एका यादीचा आकार मोजताना विंडोजचा हिशेब चुकत होता. त्या चुकीचा फायदा घेऊन परक्याला ठरलेल्या जागेपलीकडे मेमरीत लिहिता येत होते आणि तिथे आपला प्रोग्रॅम चालवता येत होता. संगणकापुढच्या माणसाने काही उघडायला नको की कुठे क्लिक करायला नको. संगणक चालू आहे आणि नेटवर्कला जोडलेला आहे, एवढे पुरे.

पॅच प्रसिद्ध होतो त्याच क्षणी दोषही जाहीर होतो. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते पाहिले की भोक कुठे होते ते जाणकाराला कळते. म्हणून पॅच निघाला तेव्हापासूनच घड्याळ सुरू झाले होते.

१७ मार्च. उरलेले दिवस ५६.

ब्रिटनमध्ये ‘एनएचएस डिजिटल’ने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे संगणकीय काम पाहणाऱ्या संस्थेने, रुग्णालयांना तातडीची सूचना पाठवली: हा पॅच लावा.

इथे थोडे थांबायला हवे, कारण अनर्थ खरा इथेच घडला. रुग्णालयात पॅच लावणे म्हणजे बटण दाबणे नव्हे. संगणक रीस्टार्ट करावा लागतो, आणि कॅज्युअल्टीतला संगणक चोवीस तास कोणाच्या तरी हाताखाली असतो. एखाद्या वॉर्डातला जुना प्रोग्रॅम नव्या पॅचनंतर बंद पडला तर शिव्या संगणक विभागाला खाव्या लागतात. एमआरआय यंत्राच्या पोटात विंडोज असते, पण त्याला हात लावायचा अधिकार अनेकदा यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडेच राहतो. त्यातच काही ठिकाणी विंडोज एक्सपी चालू होते. एक्सपीला पॅच देणे मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच थांबवले होते. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने रुग्णालयांना पत्रे लिहून एक्सपीतून बाहेर पडण्याचा आराखडा तयार ठेवायला सांगितले होते. मागाहून सगळे खापर एक्सपीवर फुटले, ते मात्र अन्यायाचे आहे. फटका बसलेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ वर चालत होती. त्यांच्यासाठी पॅच तयार होता आणि फुकट होता.

१४ एप्रिल. उरलेले दिवस २८.

‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या अज्ञात टोळीने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची चोरलेली हत्यारे इंटरनेटवर उघड्यावर टाकली. त्यांतले एक होते ‘इटर्नलब्लू’, नेमके या दोषातून आत शिरणारे. या संस्थेने ते कित्येक वर्षे स्वतःच्या हेरगिरीसाठी जवळ बाळगले होते. जगभरच्या दवाखान्यांची, बँकांची, कारखान्यांची दारे उघडी आहेत हे ठाऊक असून ते बोलायचे नाही, हा निर्णय सरकारी नोकरांनी घेतला होता. तो मला आजही क्षम्य वाटत नाही. आता तयार हत्यार कोणालाही उतरवून घेता येत होते.

२८ एप्रिल. उरलेले दिवस १४.

एनएचएस डिजिटलची दुसरी सूचना गेली. तोवर इंग्लंडमधली सरकारी रुग्णालये व आरोग्यसेवा चालवणाऱ्या २३६ ट्रस्टपैकी ८८ ठिकाणी या संस्थेने प्रत्यक्ष जाऊन सायबर तपासणी केली होती. उत्तीर्ण एकही झाला नव्हता. आणि पाठवलेली सूचना कोणी अमलात आणली, कोणी नाही, हे पडताळण्याची रीतसर व्यवस्था आरोग्य खात्याकडे नव्हती. सूचना गेली, पोचली आणि तिथेच राहिली.

१२ मे, शुक्रवार. ब्रिटनमध्ये सकाळचे पावणेनऊ.

भारतात दुपारचा सव्वा वाजत आला होता. ‘वॉनाक्राय’चे पहिले संसर्ग याच सुमाराला झाल्याचे नंतर नोंदींवरून दिसले. कोणीतरी इटर्नलब्लूला खंडणीचा प्रोग्रॅम जोडून सोडून दिला होता. एका यंत्रात शिरला की तो फाइली कुलूपबंद करी आणि त्याच वेळी शेजारची व दूरची यंत्रे चाचपडत एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट कुठे उघडे आहे ते शोधी. रुग्णालयाचे नेटवर्क आतून सलग असेल तर पॅच न लावलेले एक यंत्र त्याला पुरत होते.

दुपारी एकच्या आसपास.

स्पेनमध्ये टेलिफोनिका कंपनीने कर्मचाऱ्यांना संगणक बंद करायला सांगितले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांच्या तक्रारी येऊ लागल्या. पडद्यावर लाल चौकट, तिच्यात उलटे मोजणारी दोन घड्याळे. ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या, तीन दिवसांनंतर दुप्पट, सात दिवसांनंतर फाइली कायमच्या गेल्या.

दुपारी चार.

एनएचएस इंग्लंडने ‘मोठी दुर्घटना’ जाहीर केली. लंडन, एसेक्स, हर्टफर्डशर, हॅम्पशर आणि कंब्रिया अशा पाच भागांत अपघात विभागांतून रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले. ज्यांना बाधा झाली नव्हती अशा कित्येक ट्रस्टनी भीतीने स्वतःचे संगणक आणि ईमेल बंद केले, त्यामुळे डॉक्टर आणि अधिकारी स्वतःच्या मोबाइलवरून, व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना गाठत होते. रक्ताचे अहवाल, एक्स-रे, उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी, सगळे कागदावर आले.

चार वाजून काही मिनिटे.

सुट्टीवर असलेला मार्कस हचिन्स हा २२ वर्षांचा संशोधक डेव्हन परगण्यातल्या आपल्या घरी या प्रोग्रॅमची चिरफाड करत होता. फाइली बंद करण्याआधी हा प्रोग्रॅम एका लांबलचक, निरर्थक वेब पत्त्याला हाक मारून पाहतो हे त्याच्या लक्षात आले. तो पत्ता कोणाच्या मालकीचा नव्हता. फैलाव मोजता यावा म्हणून त्याने सुमारे ११ डॉलर भरून पत्ता नोंदवला. पत्त्यावरून उत्तर मिळू लागले तसा प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर गप्प बसू लागला. त्याच्या लेखकाने ठेवलेला थांबा हाच होता, हे हचिन्सला नंतर कळले. आधीच कुलूपबंद झालेल्या फाइलींना मात्र या थांब्याचा काही उपयोग नव्हता.

त्या आठवड्याअखेरीस मायक्रोसॉफ्टने नियम मोडून एक्सपीसाठीही पॅच दिला. तोवर १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक तडाख्यात सापडले होते. इंग्लंडमध्ये किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत झाले, त्यांतल्या ३४ ठिकाणी प्रत्यक्ष बाधा झाली. अंदाजे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्या. कर्करोगाच्या संशयावरून तातडीने बोलावलेल्या किमान १३९ रुग्णांची भेटही त्यांत गेली असण्याची शक्यता नोंदली गेली. ज्यांना बाधा झाली त्या सगळ्यांकडे पॅच न लावलेली किंवा पॅच मिळणे बंद झालेली विंडोज होती, असे तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिहिले.

२७ जून. त्या शुक्रवारनंतर ४६ दिवस.

आता जगाला सगळे ठाऊक होते. तरी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ बाहेर पडला. त्याच्याकडेही इटर्नलब्लू होते आणि जोडीला पासवर्ड चोरण्याची सोय होती. पॅच न लावलेल्या एका यंत्रातून पासवर्ड मिळवून तो पॅच लावलेल्या यंत्रांतही घुसे. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. त्याच संध्याकाळी आपल्या न्हावा शेवा बंदरात, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम ठप्प झाले. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

एक्सपीप्रमाणेच विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्ही एखाद्या रुग्णालयाचे विश्वस्त, सहकारी बँकेचे संचालक किंवा शाळेच्या समितीचे सदस्य असाल, तर पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हे घ्या: आपल्याकडे किती यंत्रे आहेत, त्यांतल्या किती यंत्रांना या महिन्याचा पॅच लागला, आणि तो लागला हे कोणी स्वतः जाऊन पाहिले? ‘सूचना दिली आहे’ हे उत्तर स्वीकारू नका.