बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या संस्था (महाराष्ट्र)

बौद्धिक विकास मंदावलेल्या मुलांचे व प्रौढांचे शिक्षण, सांभाळ आणि पुनर्वसन यांसाठी महाराष्ट्रात विशेष शाळा, बालगृहे व कार्यशाळा आहेत. 'मतिमंद' ही त्यांच्यासाठीची जुनी संज्ञा व्यवहारात टिकून आहे.

इतिहास

ब्रिटिश अमदानीत अशा व्यक्तींची गणना वेड्यांतच होई. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने 'वेडा' या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी असणाराही धरला होता. सातारा-सांगली भागाला वेड्यांची जवळची इस्पितळे म्हणजे येरवडा आणि रत्नागिरी. मंदबुद्धी हा बरा होणारा आजार नव्हे. त्यामुळे शिकवण्याची सोय नसलेल्या इस्पितळाचा अशा मुलाला उपयोग नव्हता. मानसिक आजारातून ही अवस्था कायद्याने वगळली ती थेट १९८७ साली.

स्वतंत्र संस्थांचा आरंभ मुंबईत झाला. १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला बालगृह काढले. १९४४ मध्ये जय व होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये 'कामायनी'ची स्थापना केली. विशेष शाळांना आधारभूत ठरलेल्या व्यवसायोपचाराचे शिक्षण भारतात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत सुरू केले. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

निवासी संस्थांचा इतिहास मात्र सर्वस्वी अभिमानाचा नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे करण्यात आले होते. मुलींच्या देखभालीसाठी माणसे वाढवण्याऐवजी त्यांच्या शरीरावरच उपाय योजला, असा आक्षेप स्त्री-संघटनांनी घेतला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या.

अठरा वर्षांनंतर

बालगृहातील आश्रय साधारणपणे वयाच्या १८ व्या वर्षी संपतो; अक्षमता संपत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अनाथ दिव्यांगांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी अशा मुलांना आजन्म संस्थेतच राहू देणारा कायदा व्हावा, ही मागणी सातत्याने मांडली आहे. घरी राहणाऱ्यांच्या बाबतीत, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. सातारा, सांगलीतील आईवडिलांनाही त्यासाठी आपापल्या जिल्ह्याच्या समितीकडेच अर्ज करावा लागतो. मात्र आपल्या पश्चात मुलाने राहायचे कोठे, याचे उत्तर पालकाच्या नेमणुकीने मिळत नाही.