खंदक आणि त्याचे राखणदार

जुर्चेन हे मांचुरियातील वनप्रदेशाचे रहिवासी. त्यांचा नेता अगुदा याने १११५ मध्ये जिन राज्य स्थापिले. दहा वर्षांत त्यांनी खितान लोकांचे ल्याव राज्य बुडविले आणि ११२७ मध्ये सुंग सम्राटांची राजधानी खायफंग जिंकली. अशा पराक्रमी लोकांना उत्तरेकडील मंगोलांपुढे हार का पत्करावी लागली, हा प्रश्न कोणाही अभ्यासकाला पडावा.

स्तेपच्या टोळ्यांपासून बचावासाठी जिन राज्यकर्त्यांनी सरहद्दीवर शेकडो मैल लांबीचे खंदक खोदून मातीचे तट उभारले. यांपैकी एका भागाची राखण त्यांनी ओंगुत या तुर्की टोळीकडे सोपविली होती. टोळ्यांना आपसांत झुंजवीत ठेवणे हे त्यांच्या धोरणाचे दुसरे अंग. ११९६ मध्ये तातारांविरुद्धच्या मोहिमेत साहाय्य केल्याबद्दल त्यांनी तेमुजिन नावाच्या एका मंगोल सरदाराला पदवी दिली. तोच पुढे १२०६ मध्ये चंगीझखान झाला.

चंगीझखानाने मात्र तटाची उंची मोजली नाही. तटावरची माणसे आपलीशी केली. ओंगुतांचा प्रमुख अलाकुश याच्याशी त्याचे सख्य आधीपासूनचेच होते. पुढे त्या घराण्यात त्याने आपली कन्या दिली. १२११ मध्ये मंगोल सैन्य दक्षिणेकडे निघाले, तेव्हा ओंगुत त्याला अडविण्याऐवजी त्याच्या बाजूस राहिले. बीजिंगच्या वायव्येस येहुलिंग, म्हणजे रानकोल्ह्याची खिंड, येथे जिनांच्या मोठ्या फौजेचा पूर्ण पराभव झाला. या प्रसंगी जिन सेनापतीने बोलणी करण्यास पाठविलेला खितान अधिकारी शिमो मिंगआन हा शत्रूलाच जाऊन मिळाला. १२१२ मध्ये येल्यु ल्युगे याच्या नेतृत्वाखाली मांचुरियातील खितानांनी बंड केले. आपले राज्य कोणी बुडविले, हे शतक लोटत आले तरी ते विसरले नव्हते.

दरबारातही स्थैर्य नव्हते. पश्चिमेकडील राजधानी सोडून पळालेल्या हुशाहु या सेनापतीला शिक्षा झाली नाही, आणि १२१३ मध्ये त्यानेच सम्राटाचा घात केला. पुढील वर्षी नव्या सम्राटाने राजधानी खायफंगला हलविली. १२१५ मध्ये मध्य राजधानी, म्हणजे आजचे बीजिंग, मंगोलांच्या हाती पडली. त्या वेढ्याच्या सेनानींत तोच शिमो मिंगआन होता. १२३४ मध्ये त्साय्चौ येथे जिन राज्याचा शेवट झाला.

प्रशासनात काही काळ घालविलेल्या मनुष्याला यातील मर्म चटकन उमगते. सीमेवरच्या माणसांकडून राखण घ्यायची, परंतु त्यांना आपले मानायचे नाही, अशा व्यवस्थेत तट उभा असतानाच राज्य आतून उघडे पडलेले असते.

जुर्चेनांच्या वंशजांनी हा धडा गिरविला असे दिसते. १६१६ मध्ये नुरहाचीने पुन्हा जिन नावाने राज्य उभारले. त्याने व त्याचा पुत्र हुंग ताइजी याने मंगोल घराण्यांशी सोयरिकी जोडल्या आणि मंगोलांची स्वतंत्र निशाणपथके आपल्या सैन्यात उभी केली. १६४४ मध्ये ते बीजिंगमध्ये शिरले, तेव्हा मंगोल घोडेस्वार त्यांच्या सोबत होते.