जिन्यातली जानमाज

११ सप्टेंबर २००१ म्हटले की आपल्याला विमाने आठवतात, धूर आठवतो आणि त्यानंतर आपल्या दिशेने रोखली गेलेली बोटे आठवतात. त्या मनोऱ्यात वाढपी, आचारी म्हणून राबणारे मुसलमानही होते, हे मात्र आपल्यातही फारसे कुणी सांगत नाही.

न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यात १०६ व १०७ व्या मजल्यांवर ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ हे रेस्टॉरंट होते. देशोदेशींहून पोट भरायला आलेली माणसे तिथे काम करत. जवळची मशीद चार गल्ल्या पलीकडे. तेवढी सवड कुठली? म्हणून मुसलमान कामगार दोन मजल्यांमधल्या जिन्यात टेबलावरची चादर अंथरत, मालाचे पुठ्ठ्याचे खोके उलगडून त्यांचीच जानमाज करत. त्या सकाळी कामावर असलेल्यांपैकी कुणीही वाचले नाही. ७० हून अधिक माणसे गेली.

जी कामावर नव्हती ती जगली, पण बेकार झाली. कागदपत्रे नसलेल्यांना बेकारी भत्ता कायद्यानेच नव्हता. बळींच्या वारसांसाठीचा सरकारी निधी त्यांच्या घरच्यांनाही खुला होता. पण नाव नोंदवले आणि हद्दपार केले तर? अशा वेळी हॉटेल कामगारांच्या युनियनने, तिच्या ‘लोकल १००’ शाखेने, मदत केंद्र उघडले.

इमदाद कमिट्या आपल्याकडेही होतात. दंगलीनंतर तांदूळ, चादरी वाटतात, महिन्या-दोन महिन्यांत उठून जातात. बुडालेल्या रोजगाराचा प्रश्न धरून बसणारे क्वचितच भेटतात. या युनियनने तो धरला, म्हणून आम्हाला ही हकिकत मोलाची वाटते. मोरोक्कोहून आलेला फेक्काक ममदूह तिथला वाढपी आणि युनियनचा प्रतिनिधी. मुसलमान नावाकडे संशयाने पाहिले जाण्याच्या त्या दिवसांत युनियनने त्याच्यावर आणि भारतीय वंशाच्या वकील सरू जयरामन यांच्यावर नव्या संघटनेचे काम सोपवले. २००२ च्या एप्रिलमध्ये ‘रेस्टॉरंट ऑपॉर्च्युनिटीज सेंटर’ सुरू झाले.

त्याच वर्षी जुन्या मालकाने टाइम्स स्क्वेअरला नवे रेस्टॉरंट काढले आणि जुन्या कामगारांपैकी अनेकांना बाहेरच ठेवले. कामगारांनी निदर्शने केली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे बऱ्याच जणांना काम मिळाले.

२००६ च्या जानेवारीत यातल्याच काही कामगारांनी लाफायेत स्ट्रीटवर ‘कलर्स’ नावाचे स्वतःच्या मालकीचे सहकारी रेस्टॉरंट थाटले. धंदा कठीण, पुढे ते बंद पडले. संघटना मात्र तोवर इतर शहरांतही पोचली होती, आणि हॉटेलांत बुडवलेल्या पगारासाठी भांडत होती.