शाकाहार आणि ब-१२ जीवनसत्त्व

ब-१२ (कोबालामीन) हे कोबाल्टयुक्त जीवनसत्त्व केवळ काही सूक्ष्मजीवच तयार करतात. वनस्पतींत ते जवळजवळ नसल्यामुळे मांस, मासे, अंडी व दूध हेच त्याचे भरवशाचे नैसर्गिक स्रोत ठरतात. प्रौढाला ते रोज अवघे २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास लागते, परंतु दीर्घकाळ न मिळाल्यास पांडुरोग (रक्तातील तांबड्या पेशींची उणीव) होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि चेतातंतूंची हानी कधीकधी कायमची ठरते. दूध बेताचेच घेणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ब-१२ची उणीव आढळते. प्राणिहिंसा टाळण्याची नैतिक भूमिका यामुळे मुळीच दुबळी होत नाही, कारण गोळ्यांतील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून, म्हणजे आंबवण्याच्या प्रक्रियेतून, मिळवले जाते. मात्र दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी, त्यांतील गर्भवतींनी तर निश्चितच, ते वैद्यकीय सल्ल्याने नियमित घेतले पाहिजे.